प्रीएक्लॅम्पसिया, कॉम्प्लिमेंट आणि बाळंतपणानंतरचे ७२ तास

शुभदा_रामबाग (इंदूर)

नमस्कार मंडळी,

गरोदरपणात बीपी वाढलं की घरात पहिला प्रश्न येतो, "खाल्लंस काय?" आणि दुसरा, "एवढं टेन्शन कसलं घेतेस?" आमच्या इंदुरात त्यात शेव-नमकीनची भर पडते. माझ्या भाचीला यंदा तेहतिसाव्या आठवड्यात प्रीएक्लॅम्पसिया झाला, सिझर करावं लागलं. आता मायलेकी दोघी बऱ्या आहेत, पण सासरी-माहेरी हेच दोन प्रश्न अजून चालू आहेत. तिने काहीही चुकीचं केलेलं नाही, हे नुसतं सांगून कुणाला पटत नाही. म्हणून शरीरात नेमकं काय घडतं ते लिहायला बसले.

मी मेडिकल कॉलेजात मायक्रोबायॉलॉजी शिकवत असे, इम्युनॉलॉजी हा त्यातला माझा सगळ्यात आवडता भाग. मी स्त्रीरोगतज्ज्ञ नाही, तेव्हा औषधं आणि डोस ज्याने-त्याने आपल्या डॉक्टरांनाच विचारायचे.

आधी आजार. विसाव्या आठवड्यानंतर बीपी १४०/९० किंवा त्यापुढे, चार तासांच्या अंतराने दोनदा मोजूनही तेवढंच, आणि सोबत लघवीत प्रोटीन किंवा मूत्रपिंड, यकृत, प्लेटलेट्स, मेंदू यांपैकी कशावर तरी परिणाम, म्हणजे प्रीएक्लॅम्पसिया. १६०/११० च्या पुढे गेलं की तीव्र. झटके आले तर एक्लॅम्पसिया. तांबड्या पेशी फुटू लागल्या, यकृताची एन्झाइम्स चढली आणि प्लेटलेट्स घसरल्या तर हेल्प सिंड्रोम. जगभरात शंभर गरोदरपणांत साधारण दोन ते आठ ठिकाणी प्रीएक्लॅम्पसिया दिसतो. म्हणजे तुमच्या-माझ्या नात्यात कुणी ना कुणी असणारच.

आता कॉम्प्लिमेंट. आपल्या रक्तात तीसहून जास्त प्रथिनांचा एक संच कायम फिरत असतो, बहुतेक यकृतात तयार होणारा. १८९० च्या दशकात जूल्स बोर्डे यांनी त्यावर पायाभूत काम केलं आणि १९१९ सालचं नोबेल त्यांना मिळालं. जंतूला अँटिबॉडी चिकटली, किंवा जंतूच्या अंगावरची विशिष्ट साखर ओळखू आली, की ही प्रथिनं एकामागून एक तुटत आणि जुळत जातात. सगळ्या वाटा सी३ नावाच्या प्रथिनाशी येऊन मिळतात. सी३ तुटलं की त्याचा एक तुकडा, सी३बी, समोरच्या पृष्ठभागाला घट्ट चिकटतो. पुढे सी५ तुटतं. त्यातलं सी५ए पांढऱ्या पेशींना बोलावून घेतं, आणि सी५बीपासून सी९पर्यंतची मंडळी एकत्र येऊन पेशीच्या पडद्याला आरपार भोक पाडतात.

तिसरी एक वाट आहे, अल्टर्नेटिव्ह. तिला अँटिबॉडी लागत नाही आणि जंतूही लागत नाही. सी३ आपोआप थोडं थोडं तुटतच असतं. मंद आचेवर दूध कायम ठेवलेलं असावं आणि शेजारी कुणीतरी सतत उभं असावं, तशी ही व्यवस्था आहे. उभं राहणाऱ्यांची नावं फॅक्टर एच, फॅक्टर आय, आणि पेशींच्या अंगावरची सीडी४६, सीडी५५, सीडी५९. ती कमी पडली तर एका सी३बीपासून आणखी सी३बी, त्यातून आणखी, असं ते वाढत जातं आणि आपल्याच पेशींवर येतं.

आता वार कुठे असते बघा. तिच्या पेशींत निम्मे जनुक वडिलांकडचे, आणि त्या थेट आईच्या रक्तात बुडालेल्या. कॉम्प्लिमेंटच्या दृष्टीने ही मोठी परीक्षा. म्हणून वारेच्या पेशींवर सीडी४६, ५५, ५९ तिन्ही भरपूर असतात. उंदरांत हेच काम क्रीय नावाचं प्रथिन करतं. ते नसलेले गर्भ पोटातच मरतात, पण सी३ सुद्धा काढून टाकलं तर जगतात. हा प्रयोग २००० साली सायन्स या नियतकालिकात आला तेव्हा मी वर्गात फळ्यावर काढून दाखवला होता. इतका स्वच्छ पुरावा फार क्वचित मिळतो.

आईमध्ये पुढे काय होतं ते प्रतिसादांत लिहिते, एकदम सगळं नको. विचारा.

---

केतकी_नाशिक

शुभदाताई, फार छान सुरुवात. पण आम्हाला डॉक्टरांनी सांगितलं होतं की वारेच्या रक्तवाहिन्या नीट तयार होत नाहीत म्हणून बीपी वाढतं. तुम्ही इम्युनिटी म्हणताय. मग खरं कारण कोणतं?

---

शुभदा_रामबाग

केतकी, डॉक्टरांनी बरोबरच सांगितलं. दोन्ही एकाच साखळीतल्या कड्या आहेत.

पहिल्या अर्ध्या गरोदरपणात वारेच्या पेशी गर्भाशयाच्या भिंतीत शिरतात आणि तिथल्या नागमोडी धमन्या रुंद, सैल करतात, म्हणजे रक्त संथ आणि भरपूर येतं. काही जणींत हे अर्धवट राहतं. मग वारेला रक्त कमी पडतं, तिचे सूक्ष्म तुकडे आईच्या रक्तात जास्त सुटू लागतात, आणि ती एसएफएलटी-१ नावाचं प्रथिन मोठ्या प्रमाणात सोडते. हे प्रथिन २००३ साली अनंत करुमांची यांच्या गटाने पुढे आणलं. मद्रासला एमबीबीएस झालेले, नंतर अमेरिकेत गेलेले. एसएफएलटी-१ रक्तातलं व्हीईजीएफ नावाचं प्रथिन धरून ठेवतं, आणि व्हीईजीएफ तर आईच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तराला रोज लागतं. ते मिळालं नाही की अस्तर आजारी पडतं: बीपी चढतं, लघवीत प्रोटीन जातं.

आता यात कॉम्प्लिमेंट कुठे, तर दोन्ही टोकांना. उंदरांवरच्या एका प्रयोगमालिकेत, गिलेर्मिना जिरार्दी आणि जेन सॅमन यांच्या, कॉम्प्लिमेंट चेतलं की पांढऱ्या पेशी स्वतःच एसएफएलटी-१ सोडतात असं दिसलं. २००६ चं काम. आणि उलट दिशेने, २०१७ साली असं दाखवलं गेलं की मूत्रपिंडात फॅक्टर एच तयार होत राहायला व्हीईजीएफची गरज असते. म्हणजे एसएफएलटी-१ ने व्हीईजीएफ पळवलं की मूत्रपिंडातलं कॉम्प्लिमेंटवरचं नियंत्रणही सुटतं! मला हा सगळ्या विषयातला सर्वात महत्त्वाचा दुवा वाटतो. वारेत सुरू झालेला आजार मूत्रपिंडावर का उतरतो, याचं उत्तर त्यात आहे.

माणसांतला पुरावाही आहे. २००८ साली डेन्व्हरच्या गटाने दाखवलं की विसाव्या आठवड्याच्या आधीच रक्तात बीबी, म्हणजे अल्टर्नेटिव्ह वाट चालू असल्याची खूण, जास्त असेल तर पुढे प्रीएक्लॅम्पसिया होण्याचं प्रमाण जास्त असतं. २०१२ सालच्या डच अभ्यासात प्रीएक्लॅम्पसियाच्या साधारण निम्म्या वारांत सी४डी, म्हणजे कॉम्प्लिमेंट चेतल्याची खूण, साचलेलं सापडलं, निरोगी गटात जेमतेम ३ टक्के. आणि तीव्र प्रीएक्लॅम्पसिया असलेल्या बायकांच्या लघवीत सी५बी-९, म्हणजे वर सांगितलेली भोक पाडणारी जुळणी, सापडतं, हे २०१३ मध्ये आलं. आधी कोण, मागून कोण, यावर अजून वाद चालू आहे. पण कॉम्प्लिमेंट हजर असतं यावर वाद नाही.

---

देवासचा_दिनू

ताई, आमच्या सूनबाईंना सातवा चालू आहे. कोविडपासून घरात गुळवेलीचा काढा रोज होतो. इम्युनिटी वाढवायला तिलाही देतो. चालेल ना?

---

शुभदा_रामबाग

दिनूकाका, नका देऊ. कळकळीने सांगते.

इथे इम्युनिटी कमी पडते आहे असा प्रकारच नाही. उलट तिचा एक भाग जास्त चालतो आणि आवर घालणारे कमी पडतात. "वाढवण्यासारखं" काही नाही. दुसरं, गुळवेलीने यकृताला इजा झाल्याचे रुग्ण कोविडच्या काळात भारतातल्या यकृततज्ज्ञांनीच नोंदवले आहेत. हेल्प सिंड्रोममध्येही यकृताची एन्झाइम्स चढतात. उद्या सूनबाईंचा रिपोर्ट बिघडला तर काढ्यामुळे की आजारामुळे, हे ठरवण्यात डॉक्टरांचा मोलाचा वेळ जाईल. आतापर्यंत दिला असेल तर पुढच्या तपासणीला तसं आठवणीने सांगा. लपवू नका.

कॅल्शियमच्या सरकारी गोळ्या मात्र चुकवू देऊ नका. ५०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा, चौदाव्या आठवड्यापासून. आहारात कॅल्शियम कमी असलेल्या बायकांत प्रीएक्लॅम्पसियाचा धोका त्याने कमी होतो. लोहाची गोळी आणि ही एकाच वेळी घ्यायची नाही, मध्ये अंतर ठेवायचं.

---

पलासियाकर

मी इंदूरचाच. बायकोला पाचवा महिना, आधीच्या वेळी ३५ आठवड्यांत प्रीएक्लॅम्पसिया झाला होता. ॲस्पिरिन चालू केलं आहे. आई म्हणते शेव बंद, मीठ बंद, पलंगावरून उतरायचं नाही. सकाळचे पोहे पण बिनशेवेचे! ताई, खरंच एवढं करायला हवं का? आणि हे दुसऱ्यांदा होईलच का?

---

शुभदा_रामबाग

होईलच असं नाही. आधी झालेला असेल तर साधारण सहांत एकीला पुन्हा होतो. पहिल्या वेळी जितका लवकर झाला असेल तितका धोका जास्त, तुमचं ३५ आठवडे म्हणजे त्या मानाने बरं.

ॲस्पिरिन सुरू आहे हे उत्तम. २०१७ च्या ॲस्प्रे अभ्यासात जास्त जोखमीच्या बायकांना ११ ते १४ आठवड्यांपासून ३६ आठवड्यांपर्यंत रोज रात्री १५० मिलिग्रॅम दिलं, तर ३७ आठवड्यांच्या आतला प्रीएक्लॅम्पसिया ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आला. सोळाव्या आठवड्याच्या आत सुरू झालं तर फायदा जास्त. आपणहून बंद करू नका, कधी थांबवायचं ते डॉक्टर सांगतील.

मीठ तोडून प्रीएक्लॅम्पसिया टळत नाही. जागतिक आरोग्य संघटना तशी शिफारस करत नाही, आणि नुसतं पडून राहण्याचीही करत नाही. वाटीभर नमकीन रोज खाणं कुणालाच चांगलं नाही, ते वेगळं. पण पोह्यांवरच्या चिमूटभर शेवेने वारेच्या धमन्या बिघडत नाहीत. तुमच्या आईंना माझं नाव सांगा, मी फोनवर बोलीन त्यांच्याशी.

घरी बीपीचं मशीन घ्या, दंडाला पट्टा बांधायचं, मनगटाचं नको. लघवी करून यायचं, पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसायचं, पाय जमिनीवर, दंड छातीच्या उंचीला. मग मोजायचं आणि वहीत वेळेसकट लिहायचं.

आणि एक, खास तुमच्यासाठी. नॉर्वेच्या जन्मनोंदींवरून १९९८ साली असं निघालं की ज्या पुरुषाच्या एका जोडीदारणीला प्रीएक्लॅम्पसिया झाला, त्याच्यापासून दुसऱ्या स्त्रीला दिवस राहिले तरी तिलाही धोका जवळजवळ दुप्पट. वार बाळाची, आणि बाळ दोघांचं. बायकोकडे बोट दाखवणाऱ्यांना हे जरूर सांगा.

---

मंजिरी_ग्वाल्हेर

मला ल्युपस आहे, म्हणजे स्वतःचीच प्रतिकारशक्ती शरीरावर उलटण्याचा आजार. सध्या चोविसावा आठवडा. सी३ ची तपासणी दर महिन्याला होते, त्यामुळे हा धागा बघून धडधडलंच. माझं सी३ मागच्या वेळी ९८ होतं, या वेळी ९४. लॅबची रेंज ९० ते १८०. सगळे म्हणतात नॉर्मल आहे, काळजी करू नकोस. बरोबर आहे ना?

---

शुभदा_रामबाग

मंजिरी, घाबरू नकोस, पण हा आकडा तुझ्या संधिवाततज्ज्ञांना याच आठवड्यात दाखव.

निरोगी गरोदरपणात यकृत सी३ आणि सी४ जास्त बनवतं, पातळी १० ते ५० टक्क्यांनी वर जाते. लॅबची रेंज मात्र गरोदर नसलेल्या माणसांची छापलेली असते. म्हणजे ९४ हे कागदावर नॉर्मल असलं तरी चोविसाव्या आठवड्यात ते वर जायला हवं होतं, आणि तुझं तर किंचित उतरलं आहे. एका आकड्याने काहीच ठरत नाही. गरोदरपणाआधीचं सी३, सी४, लघवीतलं प्रोटीन, डीएस-डीएनए (ल्युपसची अँटिबॉडी), हे सगळं एका कागदावर तारखेनुसार लिहून ने.

ल्युपसमध्ये ही तपासणी आणखी एका कारणासाठी उपयोगी. बीपी वाढलं, लघवीत प्रोटीन आलं, तर तो मूत्रपिंडातला ल्युपस उसळला की प्रीएक्लॅम्पसिया, हे वरवर सारखंच दिसतं आणि उपचार अगदी वेगळे. सी३-सी४ उतरलेलं असेल तर पारडं ल्युपसकडे झुकतं. अगदी पक्कं नाही, पण झुकतं.

ल्युपसचं औषध हायड्रॉक्सीक्लोरोक्विन चालू असेल तर ते गरोदरपणात बंद करायचं नसतं. शेजारणीच्या सांगण्यावरून तर मुळीच नाही.

आणि तुझी अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडीची (रक्ताच्या गुठळ्या आणि गर्भपात यांच्याशी जोडलेली) तपासणी झाली आहे ना? ती असेल तर ॲस्पिरिनसोबत हेपरिनही देतात. त्यामागची गोष्ट याच विषयातली आहे. वर्षानुवर्षं समज असा होता की हेपरिन रक्त पातळ करतं म्हणून गर्भ वाचतो. २००४ साली जिरार्दी-सॅमन यांनी उंदरांत पाहिलं, तर रक्त पातळ करणारी दुसरी दोन औषधं देऊनही गर्भ वाचले नाहीत, हेपरिनने वाचले. फरक इतकाच की हेपरिन कॉम्प्लिमेंटलाही आवर घालतं. पुढे २०११ साली त्याच वर्तुळातून आलं की ल्युपस किंवा या अँटिबॉडी असून प्रीएक्लॅम्पसिया झालेल्या ४० बायकांपैकी ७ जणींत सीडी४६, फॅक्टर आय किंवा फॅक्टर एच यांच्या जनुकात बदल होता.

---

मंजिरी_ग्वाल्हेर

ताई, हायड्रॉक्सीक्लोरोक्विन चालू आहे. अँटिबॉडीची तपासणी झाली आहे, निगेटिव्ह. आकड्यांचा कागद आजच करते. खूप आभार.

---

सुदामानगरची_आई

मला थोडं वेगळं सांगायचं आहे. माझं पूर्ण गरोदरपण बिनतक्रार गेलं. बीपी कधी १२० च्या वर नाही. नॉर्मल डिलिव्हरी, तिसऱ्या दिवशी घरी. दोन-तीन दिवसांनी डोकं असं दुखायला लागलं की उजेड सहन होईना, डोळ्यांपुढे तारे. जिथे बाळंतपण झालं तिथे फोन केला. सांगितलं, झोप होत नाही म्हणून, बाळ झोपलं की तुम्हीही झोपा. सासूबाईंनी शेक-शेगडी केली, डोकं बांधलं. दुसऱ्या दिवशी नणंद आली, ती नर्स. तिने बीपी बघितलं तर १७४/११२. दुसऱ्या दवाखान्यात नेलं, ॲडमिट, इंजेक्शनं, सगळं. मी वाचले. पण फोनवर मला एकदाही कुणी "बीपी बघा" म्हटलं नाही याचा राग आजही जात नाही. बाळंतपण झालं की धोका संपला, असंच सगळ्यांना वाटतं.

---

शुभदा_रामबाग

तुमचा राग अगदी रास्त आहे. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत प्रीएक्लॅम्पसिया होऊ शकतो, आधी बीपी नॉर्मल असलं तरी. असह्य डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा तारे, उजव्या बरगडीखाली दुखणं (याला घरोघरी ॲसिडिटी म्हणून जिरं-ओवा दिला जातो), धाप, लघवी कमी होणं. बाळंतिणीला यातलं काहीही झालं की आधी बीपी. झोपेचं नंतर बघू. तुमच्या नणंदेला माझा नमस्कार सांगा.

---

नेफ्रो_पुणे

धागा वाचतोय. मी मूत्रपिंडतज्ज्ञ आहे. शुभदाताईंनी शीर्षकात ७२ तास म्हटलंय, त्याबद्दल लिहितो, कारण आमच्याकडे रुग्ण येतात ते बहुधा या ७२ तासांनंतर, आणि अनेकदा उशिरा.

हेल्प किंवा तीव्र प्रीएक्लॅम्पसियावर उपाय म्हणजे प्रसूती. वार बाहेर आली की आजाराचं मूळ गेलं. प्लेटलेट्स पहिले एक-दोन दिवस आणखी घसरू शकतात, पण मग चढायला लागतात, एलडीएच (पेशी फुटल्या की रक्तात वाढणारं एन्झाइम) उतरतं, लघवी मोकळी होते. साधारण ७२ तासांत दिशा बदललेली दिसली पाहिजे. दिसली नाही, प्लेटलेट्स खालीच आहेत, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाचा रक्तातला आकडा) रोज वाढतंय, तर "हेल्प आहे, होईल बरं" म्हणत बसायचं नाही. भारतात अशा वेळी आधी जंतुसंसर्ग आणि मोठा रक्तस्राव यांचा विचार करावाच लागतो, ती कारणं जास्त आढळतात. ती नसतील तर दोन दुर्मीळ पण जीवघेणे आजार उरतात: टीटीपी आणि एटिपिकल एचयूएस.

पहिली पायरी महागडी नाही. काचेवर रक्ताचा थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. तांबड्या पेशी गोल असायला हव्यात. इथे तुटक्या, टोकदार, अर्धवट कापलेल्या दिसतात, कारण बारीक रक्तवाहिन्यांत साचलेल्या गुठळ्यांतून जाताना त्या चिरल्या जातात. चांगला पॅथॉलॉजिस्ट पाच मिनिटांत सांगतो. दुसरं, ॲडम्ट्स-१३ ची तपासणी. हे एन्झाइम १० टक्क्यांच्या खाली असेल तर टीटीपी. नमुना प्लाझ्मा एक्स्चेंज (रक्तातला द्रव भाग काढून दात्याचा घालणं) सुरू करायच्या आधी घ्यावा लागतो, नाहीतर निकालाला अर्थ राहत नाही. ही गोष्ट घाईत निसटते.

टीटीपी नसेल तर एटिपिकल एचयूएस, म्हणजे थेट कॉम्प्लिमेंटचा आजार. फ्रान्समधून २०१० साली आलेल्या अभ्यासात हा आजार असलेल्या १०० बायकांपैकी २१ जणींना तो गरोदरपणाच्या निमित्ताने झाला होता, त्यातल्या जवळजवळ ८० टक्के जणींना प्रसूतीनंतर. २१ पैकी १८ जणींत कॉम्प्लिमेंटमध्ये दोष सापडला. बहुसंख्य जणींची मूत्रपिंडं कायमची गेली. तेव्हा नेमकं औषध हाती नव्हतं.

---

केतकी_नाशिक

डॉक्टर, आता औषध आहे का? आणि सी३ नॉर्मल आलं तर हा आजार नाही असं समजायचं का?

---

नेफ्रो_पुणे

नाही, सी३ नॉर्मल असूनही हा आजार असू शकतो. आजार वाहिन्यांच्या अस्तरावर चाललेला असतो, रक्तातली पातळी हलेलच असं नाही.

औषध आहे, एक्युलिझुमॅब. सी५ ला धरून ठेवणारी अँटिबॉडी. २००७ साली पीएनएच या रक्ताच्या आजारासाठी मान्यता मिळाली, २०११ साली एटिपिकल एचयूएससाठी. पीएनएच असलेल्या ६१ बायकांची ७५ गरोदरपणं या औषधावर झाली, ती माहिती २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली, एकाही आईचा मृत्यू नाही. गरोदरपणात वापरण्याचं धाडस त्यामुळे वाढलं. अमेरिकेत एका रुग्णेला सव्विसाव्या आठवड्यात हेल्प झाला असताना हे देऊन गरोदरपण १७ दिवस लांबवता आलं, २०१३ सालची नोंद आहे. सव्विसाव्या आठवड्यातल्या बाळाला १७ दिवस म्हणजे काय, हे एनआयसीयूत बसलेल्या आईबापांना विचारा. पण ती एक रुग्ण. त्यावरून सगळ्यांना द्या असं निघत नाही.

किंमत सामान्य कुटुंबाच्या आवाक्यातली नाही. औषध चालू असताना मेनिंगोकॉकसच्या संसर्गाचा धोका खूप वाढतो, त्यासाठी लस घ्यावी लागते. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी प्लाझ्मा एक्स्चेंजनेच सुरुवात होते. त्यात फॅक्टर एचविरुद्ध अँटिबॉडी असेल तर ती निघून जाते. भारतातल्या लहान मुलांच्या एटिपिकल एचयूएसमध्ये ही अँटिबॉडी निम्म्याच्या आसपास मुलांत सापडते, त्यामुळे ती तपासायची सवय आम्हाला आहे.

---

शुभदा_रामबाग

डॉक्टर, मनापासून आभार. एक पुस्ती जोडते, नाहीतर वाचणाऱ्यांना वाटेल की कॉम्प्लिमेंट बंद करून टाकलं की झालं. सी१क्यू हे कॉम्प्लिमेंटचंच प्रथिन वारेच्या पेशींना गर्भाशयाच्या भिंतीत शिरायला मदत करतं. सी१क्यू नसलेल्या उंदरिणींना प्रीएक्लॅम्पसियासारखाच आजार होतो, २०११ चं काम. म्हणजे सुरुवातीला हे लागतं, पुढे जास्त झालं की बाधतं. म्हणूनच सरसकट औषध अवघड आहे.

---

वैदर्भी_नागपूर

सी५, फॅक्टर एच सगळं ठीक, पण आमच्याकडे तालुक्याच्या दवाखान्यात बीपी उतरवायला काय द्यायचं हाच प्रश्न असतो. मी स्टाफ नर्स आहे. २०१९ मध्ये लॅन्सेटला आलेला अभ्यास आमच्या नागपूरच्या दोन सरकारी रुग्णालयांतला आहे हे अभिमानाने सांगते. तीव्र बीपी असलेल्या गरोदर बायकांना तोंडाने घ्यायच्या साध्या गोळ्या दिल्या: निफेडिपिन, लॅबेटालॉल, मिथाइलडोपा. सहा तासांत बीपी आटोक्यात आलं ते अनुक्रमे ८४, ७७ आणि ७६ टक्के जणींत. शिरेतून औषध द्यायची सोय नसली तरी हात बांधून बसायचं कारण नाही.

---

शुभदा_रामबाग

वैदर्भी, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. जीव वाचतात ते आधी यानेच. झटके रोखणाऱ्या मॅगसल्फचंही, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेटचंही, तसंच. २००२ च्या मॅगपाय अभ्यासात ३३ देशांतल्या दहा हजारांहून जास्त बायका होत्या, मॅगसल्फने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी झाला. स्वस्त, जुनं औषध.

भाचीला ते चालू होतं तेव्हा मी रात्री तिच्या खाटेशी होते. सिस्टर ठरावीक वेळाने यायची, गुडघ्याखाली हात घालून पाय जरा उचलायची आणि रबरी हातोडीने टक्कन मारायची. पाय उडाला की पुढे श्वास मोजायची, मग खाली वाकून लघवीच्या पिशवीवरची रेघ बघायची आणि तक्त्यात लिहायची. भाचीच्या सासूबाई वैतागल्या, पोरीला झोपू का देत नाही म्हणून. त्यांना सांगितलं की मॅग्नेशियम जास्त झालं तर आधी हातोडीने पाय उडणं थांबतं, मग श्वास मंदावतो. औषध लघवीवाटे बाहेर पडतं, म्हणून लघवी मोजायची. आणि जास्त झालंच तर उतारा, कॅल्शियम ग्लुकोनेट, उशाशीच भरून ठेवलेला असतो. त्यानंतर त्या स्वतःच सिस्टरची वाट बघायला लागल्या.

---

पलासियाकर

ताई, आईने तुमचा धागा वाचला. पोह्यांवर शेव परत आली. आता एक व्यवहाराचं विचारतो. मागच्या बाळंतपणाचे कोणते कागद जपून ठेवायचे? आमच्याकडे फक्त डिस्चार्ज कार्ड आहे.

---

शुभदा_रामबाग

डिस्चार्ज कार्डावर "पीआयएच, एलएससीएस" (गरोदरपणातलं बीपी, सिझर) एवढंच लिहिलेलं असतं, त्याने भागत नाही. त्या वेळचं सर्वात जास्त बीपी, किती आठवडे झाले होते, बाळाचं वजन, लघवीतलं प्रोटीन, प्लेटलेट्स, यकृत आणि क्रिएटिनिनचे रोजचे आकडे, हे मागून घ्या. रेकॉर्ड विभागात अर्ज केला की प्रत मिळते. वारेची तपासणी झाली असेल तर तो रिपोर्टही. प्लेटलेट्स प्रसूतीनंतर किती दिवसांनी चढल्या, हे वर डॉक्टरांनी सांगितलेल्या कारणासाठी खास बघा.

खाजगीत दर वेळी जाणं जमत नसेल त्यांच्यासाठी: दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर बायकांची तपासणी फुकट होते, २०१६ पासून. दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीतल्यांनी जरूर जावं, बीपी आणि लघवी दोन्ही बघतात.

आणि बाळंतपणानंतर तीन महिन्यांनी बीपी, लघवी, क्रिएटिनिन पुन्हा. लघवीतलं प्रोटीन तोवर गेलं नसेल तर मूत्रपिंडतज्ज्ञाकडे. पुढेही वर्षातून एकदा बीपी आणि साखर बघायचीच, कारण प्रीएक्लॅम्पसिया झालेल्या बाईला उतारवयात हृदयविकाराचा धोका इतरांपेक्षा साधारण दुप्पट असतो, आणि बाळाच्या लशींच्या धावपळीत हे सगळ्यांच्या डोक्यातून जातं. भाचीची ती तपासणी पुढच्या आठवड्यात आहे. रिपोर्ट आला की इथेच लिहिते.